पॉलिमर क्लेच्या प्राण्यांचे पाय आणि शिंगं पुन्हापुन्हा तुटतात? आधी तुटलेली जागा पाहा

"ताई, पाकिटावर लिहिलं तसंच बेक केलं, तरी चितळाचे पाय तुटूनच राहिले." नागपुरात पॉलिमर क्लेचे छोटे प्राणी करणाऱ्यांची सगळ्यात जास्त वेळा कानावर येणारी तक्रार हीच. पेंच, ताडोबा, उमरेड-कऱ्हांडला आपल्याला इतके जवळ की हौशी माणूस वाघ करून थांबत नाही. चितळ, सांबर, नीलगाय करायला घेतो, आणि या सगळ्यांचे पाय बारीक. तान्हा पोळ्याच्या आधी छोटे बैल करणाऱ्यांना पायांचा त्रास नसतो, त्यांची शिंगं तुटतात.

तुटलं की बहुतेक जण दोनपैकी एक करतात. फेविक्विक लावून चिकटवतात, नाहीतर नवा प्राणी करायला बसतात. क्ले तीच, ओव्हन तोच, पद्धतही तीच. मग काही दिवसांनी तोच पाय पुन्हा हातात येतो. माझं सांगणं एवढंच की तुटलेला तुकडा लगेच चिकटवू नका, टाकूनही देऊ नका. खिडकीशी उजेडात धरा आणि तुटलेली जागा नीट पाहा, जमलं तर भिंगातून. कारण तिथेच दिसतं, आणि कारण कळल्याशिवाय केलेला उपाय वाया जातो.

पाय मधोमध तुटला असेल, तुटताना जराही वाकला नसेल, आणि तुटलेल्या कडेवर नख घासल्यावर भुकटी निघत असेल, तर क्ले कच्ची राहिली आहे. माझ्यापुढे येणारे बहुतेक तुकडे याच जातीचे असतात. पाय अंगापासून अख्खा सुटून आला असेल आणि दोन्ही बाजू गुळगुळीत दिसत असतील, तर जोड कधी बसलाच नव्हता. कड रवाळ असेल, बारीक दाणे सुटे सुटे दिसत असतील, तर क्ले ओव्हनमध्ये जाण्याआधीच कुठेतरी तापून अर्धवट भाजली गेली होती. आणि पायाला उभी चीर जाऊन आतली तार दिसत असेल, तर गडबड तारेवरच्या पकडीची आहे. पोटावर आणि पाठीवर पडणाऱ्या भेगा हे वेगळं प्रकरण, त्याकडे नंतर येते.

त्याआधी एक खात्री करून घ्या. बाजारात 'क्ले' नावाने हवेत वाळणारी क्लेही मिळते आणि कोल्ड पोर्सिलेनही. त्यांच्यातलं पाणी उडून जातं, त्या आकसतात आणि ओव्हनचा त्यांच्याशी संबंध नसतो. पाकिटावर बेक करायचं तापमान आणि वेळ छापलेली असेल तरच ती पॉलिमर क्ले. छापलेली नसेल तर पुढचं काहीच तुमच्या कामाचं नाही.

करपेल या भीतीने कच्ची ठेवलेली क्ले

पॉलिमर क्लेत माती नसतेच. पीव्हीसीचे अतिशय बारीक कण, त्यांना मऊ ठेवणारा प्लास्टिसायझर नावाचा तेलकट द्रव, रंग आणि थोडी भर, एवढंच तिच्यात असतं. पुरेशी उष्णता मिळाली की हे कण प्लास्टिसायझर शोषून फुगतात आणि एकमेकांत मिसळून एकजीव होतात. उष्णता कमी पडली तर कण नुसते एकमेकांना चिकटून राहतात. वरून वस्तू कडक लागते, टेबलावर आपटली तर वाजतेही, पण तिच्यात लवचीकपणा येत नाही. नीट बेक झालेला दोन मिलिमीटरचा पाय बोटाने दाबला तर थोडा वाकून परत जागेवर येतो. कच्चा पाय वाकत नाही, तुटतो.

म्हणजे 'फार कडक झाली म्हणून तुटली' हा समज उलटा आहे. ती कमी बेक झाली म्हणून तुटली.

आता ती कमी का बेक होते? चितळाच्या अंगावरचे पांढरे ठिपके पिवळे पडतात. एकदा असं झालं की माणूस घाबरतो आणि पुढच्या वेळी नॉब शंभरावर ठेवतो, किंवा पंधराव्या मिनिटाला ओव्हन बंद करतो. ठिपके पांढरे राहतात, पाय जातात. यात दोन गोष्टींची गल्लत होते. क्ले करपते ती तापमान जास्त झाल्यामुळे, वेळ जास्त झाल्यामुळे नाही. योग्य तापमानाला तासभर ठेवली तरी तिचं काही बिघडत नाही, उलट ती जास्त मजबूत होते. म्हणून वेळेत कंजूषी करू नका, लक्ष तापमानावर ठेवा.

कंपन्यांचे आकडे वेगवेगळे आहेत आणि ते पाळायचे असतात. फिमोला ११० अंश सेल्सिअसला ३० मिनिटं. स्कल्पी प्रीमोला १३० अंश, दर ६ मिलिमीटर जाडीला ३० मिनिटं. सर्निट ११० ते १३० अंशांमध्ये. कातो पॉलीक्ले तर १५० अंश मागते. दोन कंपन्यांची क्ले मिसळून एक प्राणी केला असेल तर कोणाचं तापमान धरायचं ते आधी ठरवा. फिमो आणि प्रीमो एकत्र असेल तर मी प्रीमोचं धरते आणि वरून झाकून ठेवते. आणखी एक: सगळ्या क्ले सारख्या लवचीक नसतात. स्कल्पी थ्री हाताळायला मऊ आणि सोपी असली तरी पूर्ण बेक होऊनही ठिसूळच राहते. तिचं अस्वल करा, रानगवा करा, पण हरणाचे पाय तिच्याकडून मागू नका. पायांसाठी प्रीमो, फिमो प्रोफेशनल किंवा सर्निट घ्यावी.

ओटीजीच्या नॉबवर विश्वास ठेवू नका

घरातला ओटीजी केक आणि नानकटाईसाठी बनवलेला असतो. तिथे दहा-पंधरा अंशांनी फार फरक पडत नाही, क्लेला पडतो. नॉबवर ११० लिहिलेलं असलं तरी आत नेमकं तेवढंच असेल असं नाही. शिवाय थर्मोस्टॅट हा तापणारे रॉड चालू-बंद करत राहतो, त्यामुळे तापमान ठरलेल्या आकड्याच्या वर-खाली फिरत असतं. त्याचा सेन्सर ओव्हनच्या भिंतीपाशी असतो, तुमचं चितळ मधोमध उभं असतं.

म्हणून पहिली खरेदी क्लेची नव्हे, ओव्हन थर्मामीटरची करा. रॅकवर ठेवायचा साधा गोल थर्मामीटर मिळतो. तो प्राणी जिथे ठेवणार त्याच जागी, त्याच उंचीवर ठेवा, ओव्हन रिकामा चालू करा, आणि दिवा पहिल्यांदा बंद झाल्यानंतर आणखी वीस मिनिटं थांबून आकडे पाहायला लागा. काटा ज्या दोन आकड्यांमध्ये फिरतो त्यांचा मध्य म्हणजे तुमचं खरं तापमान. नॉबची ती जागा मार्करने खूण करून ठेवा. उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हा ओव्हन तापायला जास्त वेळ लागतो, म्हणून घड्याळ नेहमी थर्मामीटर जागेवर आल्यावर लावा, स्विच दाबल्यावर नाही.

लहान ओटीजीची आणखी एक खोड असते. त्यात रॉड प्राण्याच्या अगदी जवळ असतात. आतली हवा ११० अंशांवर असली तरी लाल झालेल्या रॉडची थेट आच कानांच्या टोकांना आणि शिंगांना लागते. ती टोकं तपकिरी होतात आणि पाय तोवर कच्चेच असतात. एकाच चितळाचे कान करपलेले आणि पाय कच्चे असं होतं ते यामुळे. याला उपाय म्हणजे झाकण. जाड अॅल्युमिनियम फॉइलच्या दोन ट्रे घ्या, एकीत प्राणी ठेवा आणि दुसरी तिच्यावर पालथी घाला. आच अडते, आतली उष्णता सारखी राहते आणि पांढरा रंग पांढराच राहतो. ठिपक्यांच्या भीतीला खरा उपाय हा आहे, नॉब कमी करणं नव्हे.

आता पायांची गोष्ट, जी सहसा कोणी सांगत नाही. प्राणी आपण टाइलवर उभा करून करतो आणि टाइलसकट ओव्हनमध्ये ठेवतो. पद्धत चांगलीच आहे, प्राणी उचलावा लागत नाही. पण टाइल जाड असते आणि हळू तापते. चितळाचे खूर त्या थंड टाइलला टेकलेले असतात, म्हणून पाठ तापून जाते तरी खूर सगळ्यात शेवटी तापतात. डिसेंबर-जानेवारीत रात्री टाइल चांगलीच गार पडलेली असते, तेव्हा हा फरक आणखी वाढतो. मग खुरांपासून अर्ध्या सेंटिमीटरवर पाय तुटतो आणि आपण बारीकपणाला दोष देतो. टाइल असेल तर मी वेळ सरळ दुप्पट धरते. ३० मिनिटं लिहिली असतील तिथे तास. शक्य असेल तर टाइल पातळच घ्या.

खात्री करायची तर पट्टी-चाचणी करा. त्याच क्लेची दोन-तीन मिलिमीटर जाडीची, बोटभर लांब पट्टी करून प्राण्याशेजारीच, त्याच झाकणाखाली बेक करा. पूर्ण थंड झाल्यावर दोन्ही टोकं धरून वाकवा. चांगला बाक येईपर्यंत वाकली तर काम झालं. थोड्याशा बाकातच कट्कन तुटली तर प्राणीही कच्चा आहे, मग तो कितीही कडक लागो. मात्र गरम असताना ही चाचणी करू नका. गरम क्ले नीट बेक झालेली असली तरी मऊ आणि नाजूकच असते.

तापमानाची वरची हद्दही सांगितली पाहिजे. १७५ अंशांच्या आसपास पीव्हीसी जळायला लागतं आणि त्यातून हायड्रोजन क्लोराइडची तिखट, घसा धरणारी वाफ निघते. तसा वास आला तर लगेच बटण बंद करा, खिडक्या उघडा आणि मुलांना घेऊन खोलीबाहेर जा. ओव्हनचं दार तेव्हाच उघडायची घाई करू नका. मायक्रोवेव्ह मोडमध्ये क्ले कधीही ठेवू नका. आणि क्लेसाठी वापरलेल्या ट्रे, टाइल पुन्हा स्वयंपाकाला नकोत.

नागपूरचा उन्हाळा आणि ओव्हनआधीच तापलेली क्ले

आता रवाळ कडेचा तुकडा. हा त्रास पुण्या-मुंबईच्या मंडळींना फारसा माहीत नसतो, कारण तिथे क्लेला ४५ अंशांचा मे सोसावा लागत नाही. मे २०१३ मध्ये नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले होते, आणि हा सावलीतला आकडा आहे. उन्हात उभ्या असलेल्या डिलिव्हरीच्या गाडीत, बंद कारमध्ये किंवा स्कूटरच्या डिक्कीत यापेक्षा बराच जास्त ताप असतो. सीताबर्डीहून क्ले घेतली, डिक्कीत टाकली, मग आणखी दोन कामं करत दुपारभर फिरलो, एवढ्यानेही ती बिघडू शकते. तेवढ्या उष्णतेत ती पूर्ण बेक होत नाही, पण आतले काही कण आधीच फुगून कडक होतात. पुढे कितीही मळली तरी ते कण विरघळत नाहीत. बेक केल्यावर त्यांच्याभोवती कमकुवत जागा राहते आणि बारीक पाय नेमका तिथेच तुटतो.

ओळखायचं असं. पाकिटातून नखाएवढी क्ले काढा, मळा आणि अंगठ्याने काचेवर पातळ पसरवा. चांगली क्ले सलग, गुळगुळीत पसरते. अर्धवट भाजलेली क्ले पसरताना फाटते आणि मध्ये बारीक कडक खडे लागतात. नुसती जुनी आणि कोरडी झालेली क्ले मात्र वेगळी. ती आधी चुरा होते, पण दहा मिनिटं मळून, क्ले सॉफ्टनरचा एखादा थेंब घालून सलग होते, आणि ती वापरायला हरकत नाही. खडे राहिलेच तर त्या क्लेकडून पाय करून घेऊ नका. खडक, वारूळ, झाडाचा बुंधा असल्या गोष्टींना ती उत्तम चालते, तिथे खडबडीतपणा हवाच असतो.

साठवणीचं माझं मत ठाम आहे. क्ले ऑक्टोबर ते फेब्रुवारीत मागवून ठेवावी. एप्रिल-मेमध्ये पार्सल मागवू नये, मेअखेरच्या नवतप्यात, म्हणजे कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर नाहीच. घरात ठेवताना वरच्या मजल्याच्या स्लॅबखालचा सज्जा आणि पश्चिमेच्या भिंतीतलं कपाट टाळा, त्या दोन्ही जागा रात्रीपर्यंत तापलेल्या असतात. आतल्या खोलीत, फरशीलगतच्या खणात ठेवा. जागा नसेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवली तरी चालते, फक्त वापरायच्या आधी डबा बंदच बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. थंड क्ले लगेच उघडली तर तिच्यावर दमट हवेचं पाणी बसतं. डबाही पाहून घ्या. तळाला त्रिकोणात ५ लिहिलेला पॉलिप्रॉपिलीनचा डबा चालतो. ६ आकड्याचं कडक पारदर्शक प्लास्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, कच्ची क्ले खाऊन टाकते, डबा आणि क्ले दोन्ही चिकट होऊन बसतात.

उन्हाळ्यातली दुसरी अडचण म्हणजे क्ले हातातच पाघळते, पाय उभा राहतच नाही. मग लोक तिला पांढऱ्या कागदात दाबून ठेवतात, जेणेकरून कागद जास्तीचं तेल शोषून घेईल. पद्धत बरोबर आहे, पण पंधरा-वीस मिनिटांची. रात्रभर ठेवलेल्या क्लेतून प्लास्टिसायझर इतका निघून जातो की ती बेक झाल्यावर पुन्हा ठिसूळच होते. त्यापेक्षा सकाळी लवकर काम करा, शहाबादी फरशीच्या तुकड्यावर क्ले ठेवा, आणि जोडलेले पाय अधूनमधून दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून घट्ट करून घ्या.

सुटून आलेला पाय, आणि पाण्याचं बोट

चितारओळीत मूर्ती घडताना पाहिलेल्या, किंवा शाडूचा गणपती केलेल्या कोणाच्याही हाताला एक सवय असते. भेग दिसली की बोट पाण्यात बुडवायचं आणि फिरवायचं. शाडूत ते अगदी बरोबर आहे, कारण पाण्याने माती विरघळते आणि जोड सांधला जातो. पॉलिमर क्ले पाण्यात विरघळत नाही. पाणी जोडाच्या फटीत नुसतं अडकून बसतं, दोन भागांना वेगळं ठेवतं, आणि ओव्हनमध्ये शंभर अंशांवर वाफ होऊन फुगतं. सुटून आलेल्या पायाची आतली बाजू गुळगुळीत आणि कधी चमकदार दिसते ती यामुळे.

नागपुरात यात कुलरची भर पडते. खसच्या ताट्यांवरून येणारी हवा ओली असते, आणि त्या झोतात दोन तास ठेवलेल्या क्लेवर ओल बसते. हात घामेजलेले असतात, म्हणून बोटांना टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लोअर लावतात, तीही जोडात जाते. पंखा चालवा, पण कुलरच्या झोतात बसू नका. पावडर लावायची असेल तर सगळे जोड झाल्यावरच लावा.

जोड असा करा. पायाचं वरचं टोक आणि अंगावरची जागा सुईने आडव्या-तिडव्या रेघा मारून खरबरीत करा. लिक्विड क्लेचा, म्हणजे पातळ, द्रव रूपात मिळणाऱ्या पॉलिमर क्लेचा, अगदी पातळ थर लावा. थेंब ठेवलात तर पाय घसरतो. पाय दाबून बसवा आणि मग सगळ्यात महत्त्वाचं काम: मांडीची क्ले अंगावर आणि अंगाची क्ले मांडीवर ओढून घ्या, जोडाची रेघ दिसेनाशी होईपर्यंत. खऱ्या चितळातही पाय पोटाखाली लावलेला नसतो, खांदा आणि मांडी अंगाच्या बाजूने वर चढलेली असते. तसा करा, म्हणजे दिसायलाही खरा आणि पकडही मोठी. शेवटी गुळगुळीत करायला आणि कापसाचे तंतू पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, पाणी नव्हे.

तार

चितळ नराची खांद्यापर्यंतची उंची साधारण ९० सेंटिमीटर. त्याचा चोविसावा हिस्सा केला तर प्राणी पावणेचार सेंटिमीटरचा होतो आणि खालचा पाय दीड-दोन मिलिमीटरचा. इतक्या बारीक पायात तार हवीच. पण गुळगुळीत सरळ तारेवर क्ले पकड घेत नाही, ती तारेभोवती नळी होऊन राहते आणि उभी चिरते. मोटर वाइंडिंगच्या दुकानात मिळणारी बारीक तांब्याची तार घ्या, दोन पदर एकमेकांत पिळा, आणि पिळलेल्या तारेला फेविकॉलचा पातळ हात देऊन पूर्ण वाळू द्या. पिळाच्या खाचांमध्ये क्ले बसते. मग कातडीइतका पातळ थर आधी चढवून तो पंधरा-वीस मिनिटं बेक करा, आणि त्यावर लिक्विड क्ले लावून स्नायू घडवा. वेळ जातो, पण बारीक पायाच्या प्राण्याला मला यापेक्षा खात्रीची पद्धत सापडलेली नाही.

तार पायातच संपवू नका. ती अंगात घेऊन पलीकडच्या बाजूच्या पायाच्या तारेला पिळा. सांबराची शिंगं, बैलाची शिंगं यांनाही हेच लागू. एका शिंगाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच तार कपाळातून गेली पाहिजे.

ओव्हनमध्ये पाय वाकून प्राणी बसतो, अशी तक्रार येते ती तारेवाचूनच्या प्राण्यांची. क्ले पक्की होण्याआधी काही वेळ मऊ पडते, तेवढ्यात वजन खाली येतं. पोटाखाली चुरगळलेल्या फॉइलची उशी द्या, किंवा स्टीलच्या वाटीत खायचा सोडा भरून प्राणी त्यात पोटापर्यंत रोवा. नंतर ब्रशने धुऊन टाका.

अंगावरच्या भेगा

याला फार शब्द नकोत. गव्याचं किंवा अस्वलाचं अंग सगळं क्लेचंच केलं तर बाहेरचा थर आधी पक्का होतो, आतला मागाहून फुगतो आणि बाहेरचा तडकतो. आत फॉइलचा गोळा ठेवा, तो चमच्याच्या पाठीने ठोकून अगदी घट्ट करा आणि वरची क्ले सहा मिलिमीटरच्या आत ठेवा. ढिल्या गोळ्यातली हवा तापून फुगते आणि तीही भेग पाडते. बेक झाल्यावर दार बोटभर उघडून प्राणी आतच थंड होऊ द्या, कुलरसमोर नेऊन ठेवू नका. पडलेली भेग लिक्विड क्ले आणि त्याच रंगाची ताजी क्ले भरून पुन्हा बेक करता येते.

तुटलेल्याचं काय करायचं

कच्ची राहिलेली क्ले पुन्हा बेक करता येते, आज, उद्या किंवा सहा महिन्यांनीही. म्हणजे तुमच्या कपाटातले न तुटलेले पण कच्चे प्राणी अजून वाचू शकतात. थर्मामीटरने तापमान ठरवा, झाकण घाला आणि सगळ्यांना तासभर पुन्हा बेक करा. मध्येच लाइट गेली तरी घाबरू नका. आल्यावर पूर्ण वेळ पुन्हा द्या.

तुटलेला पाय असेल तर आधी दोन्ही तुकडे असेच पुन्हा बेक करून घ्या, कारण कच्च्या पायावरची दुरुस्ती टिकत नाही, जोड राहतो आणि शेजारी तुटतं. नंतर दोन्ही टोकांना हाताच्या बारीक ड्रिलने भोक पाडा, पाच-सहा मिलिमीटर तार आत बसवा, लिक्विड क्ले लावा, जोडाभोवती ताज्या क्लेचा पातळ पट्टा ओढा आणि पुन्हा बेक करा. फेविक्विक वापरलंच तर ते सगळ्यात शेवटी, ज्यानंतर ओव्हन नाही अशाच वेळी. ओव्हनच्या उष्णतेत त्याची पकड सुटते आणि वाफ डोळ्यांना झोंबते. आधी कोणी फेविक्विक लावून ठेवलेलं असेल तर ते ब्लेडने खरवडून मगच कामाला लागा.

अॅक्रिलिक रंग दिलेले प्राणी पुन्हा बेक केले तर रंगाला काही होत नाही. काचेचे डोळेही तसेच राहतात. प्लास्टिकचे डोळे लावले असतील तर ते मात्र आधी काढून घ्या.